मैदान गाजले, कान वाजले

सोमवारी सकाळी लोणी काळभोरहून दोघे जण दवाखान्यात आले. बावीस-तेवीस वर्षांचा पुतण्या आणि पन्नाशी ओलांडलेले त्याचे चुलते. तक्रार पुतण्याची होती. आदल्या रात्री टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धेचा अंतिम सामना झाला होता. प्रकाशझोतातला सामना, प्रत्येक चौकार-षटकाराला डीजे आणि दोन डावांच्या मधल्या वेळेत ऑर्केस्ट्रा. हा गडी गुणलेखक. त्याचे टेबल नेमके स्पीकरच्या भिंतीला खेटून मांडलेले. पाच तास तो तिथून हलला नव्हता.

"डॉक्टर, रात्रीपासून कानात रातकिडा बसलाय. आणि सगळं कसं पाण्याखालून ऐकू आल्यासारखं वाटतंय," तो म्हणाला.

कानाचा पडदा ठीक होता, मळ नव्हता. श्रवणचाचणी केली, तर आलेख ४,००० हर्ट्झच्या आसपास खाली घसरलेला. मोठ्या आवाजाने दुखावलेल्या कानाची ही ओळखीची खूण. मी त्याला ते समजावून सांगत होतो आणि शेजारी बसलेले चुलते दर दोन वाक्यांनी "आं? काय म्हणाले?" असे विचारत होते. शेवटी मी त्यांनाच विचारले, "काका, तुम्ही काय करता?"

"शेती. आणि कुस्त्यांच्या फडात हलगी वाजवतो. तीस वर्षं झाली."

त्यांचीही चाचणी केली. पुतण्याच्या आलेखात जिथे खळगा होता, तिथे चुलत्यांच्या आलेखात दरी होती. दोन्ही कानांत, पण डाव्या कानात अधिक. हलगी डाव्या खांद्याला असते.

एकाच घरातले हे दोन आलेख शेजारी ठेवले आणि वाटले, या विषयावर लिहायलाच हवे. कारण पुतण्याचा कान बहुधा सावरेल. तो वेळीच सावध झाला नाही, तर तीस वर्षांनी त्याचा आलेख कसा दिसेल, तेही समोरच होते.

पाचगणीपासून वेम्ब्लीपर्यंत

खेळ आणि वाद्य यांचे नाते आपल्याला नवे नाही. हलगीचा कडकडाट नसेल तर कुस्तीचा फड सुनासुना वाटतो. मल्ल शड्डू ठोकतात, खडाखडी सुरू होते, तशी हलगीची लय चढत जाते आणि कुस्ती निकाली झाली की ती टिपेला पोहोचते. परदेशातल्या मोठ्या सामन्यांत नामांकित रॉक बँड जे काम करतात, ते आपल्याकडे हलगी, घुमके आणि कैताळ पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत.

मैदानावर आज जगभर सर्वाधिक वाजणाऱ्या गाण्यांपैकी एक म्हणजे 'क्वीन' या ब्रिटिश बँडचे 'वुई विल रॉक यू'. दोनदा पाय आपटायचे, एकदा टाळी वाजवायची. या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी मूळचा फारुख बलसारा. झांझिबारमध्ये जन्मलेला हा पारशी मुलगा वयाच्या आठव्या वर्षी आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत आला आणि 'द हेक्टिक्स' हा त्याचा पहिला बँड तिथेच जमला. पुढे १३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्ब्ली या फुटबॉल मैदानावर त्याने सत्तर हजारांहून अधिक लोकांना एका तालात टाळ्या वाजवायला लावल्या.

ते गाणे १९७७ मध्ये लिहिले बँडचा गिटारवादक ब्रायन मे याने. हा भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. पुढे २००७ मध्ये त्याने खगोलभौतिकीत पीएचडीही पूर्ण केली. मोजक्या लोकांच्या पायांचा आवाज हजारोंच्या जमावासारखा वाटावा म्हणून त्याने ध्वनिमुद्रणात तोच आवाज थोड्या थोड्या उशिराने पुन्हा मिसळला. त्यामागचे तत्त्व साधे आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मैदानाच्या दीडशे मीटर पलीकडची टाळी आपल्यापर्यंत जवळपास अर्ध्या सेकंदाने पोहोचते. मोठ्या मैदानावर सगळ्यांची टाळी एकाच क्षणी ऐकू येत नाही, ती लाटेसारखी येते. म्हणूनच मोठ्या कार्यक्रमांत मंचापासून दूर वेगळे स्पीकर लावतात आणि त्यांतला आवाज मुद्दाम काही अंशांनी उशिरा सोडतात.

एका तालात हालचाल केली की माणसाला बरे का वाटते, याचाही अभ्यास झाला आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठात नौकानयन करणाऱ्या खेळाडूंना एकदा एकट्याने आणि एकदा संघाबरोबर यंत्रावर वल्ही मारायला लावली. श्रम तेवढेच होते, पण संघाबरोबर एका तालात वल्ही मारल्यानंतर त्यांची वेदना सोसण्याची क्षमता अधिक वाढलेली आढळली. शरीरात तयार होणारी एंडॉर्फिन नावाची वेदनाशामक द्रव्ये यामागे असावीत, असा संशोधकांचा निष्कर्ष होता. फडातल्या गर्दीला हलगीवर जो चेव चढतो, त्याचे मूळही इथेच असावे. लोणी काळभोरकरांनी हे दरवर्षी पाहिलेले आहे. तुकोबांची पालखी पुण्याहून निघून मुक्कामाला गावात येते, तेव्हा दिवसभर चाललेले वारकरी टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर पुन्हा नाचू लागतातच की!

म्हणजे संगीत वाईट नाही, ताल तर नाहीच. अडचण आहे ती आवाजाच्या मात्रेची.

दहा डेसिबल म्हणजे थोडे नव्हे

आवाजाची तीव्रता डेसिबलमध्ये मोजतात. हे माप किलो किंवा लिटरसारखे सरळ चढत नाही. दर तीन डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते आणि दहा डेसिबलला दहापट. साधे बोलणे सुमारे ६० डेसिबलचे. १०० डेसिबलचा डीजे आकड्याने त्याच्या दुप्पटही नाही, पण त्याची ऊर्जा बोलण्याच्या दहा हजारपट असते.

कानाला किती वेळ किती आवाज झेपतो, याचा एक सर्वमान्य हिशेब आहे. ८५ डेसिबल आवाज दिवसात आठ तासांपर्यंत चालू शकतो. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करायचा. ८८ डेसिबलला चार तास, ९१ ला दोन तास, ९४ ला एक तास, ९७ ला अर्धा तास आणि १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटे. पुण्यात विसर्जन मिरवणुकीच्या वेळी लक्ष्मी रस्त्यावर अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी दरवर्षी ध्वनिमापन करतात. तिथली सरासरी अनेक वर्षे शंभराच्या आसपास राहिली आहे. म्हणजे तिथे पंधरा मिनिटांत दिवसभराचा वाटा संपतो आणि लोक तिथे तासन्‌तास उभे असतात.

आता गुणलेखकाच्या टेबलाकडे येऊ. समजा, उघड्या मैदानावर एका स्पीकरपासून दोन मीटरवर ११० डेसिबल आवाज आहे. तिथे जेमतेम दीड मिनिट थांबणे सुरक्षित. अंतर दुप्पट केले की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो. चार मीटरवर १०४, म्हणजे सहा मिनिटे. आठ मीटरवर ९८, म्हणजे सुमारे पंचवीस मिनिटे. सोळा मीटरवर ९२, म्हणजे दीड तास. स्पीकर एकावर एक रचून भिंत केली असेल, तर आवाज इतक्या वेगाने उतरत नाही आणि आणखी लांब जावे लागते. पण मुद्दा तोच. टेबल वीस-पंचवीस पावले मागे सरकवायला एक रुपयाही लागला नसता.

वाद्य लावले नाही, तरी गर्दीचा स्वतःचा आवाज असतोच. अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या मैदानावर २०१४ मध्ये नुसत्या प्रेक्षकांच्या आरोळ्यांनी १४२.२ डेसिबलचा विक्रम नोंदवला. २०१० च्या फुटबॉल विश्वचषकाआधी दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी एका सामन्याला गेलेल्या प्रेक्षकांचे कान आधी आणि नंतर तपासले. तिथे व्हुवुझेला ही लांबलचक पिपाणी सर्रास वाजत होती. प्रेक्षकांच्या कानांवर पडलेल्या आवाजाची सरासरी शंभर डेसिबलच्या वर होती आणि सामन्यानंतर त्यांची श्रवणक्षमता तात्पुरती घटलेली दिसली. त्याच वर्षी युरोपातल्या फुटबॉल महासंघाने आपल्या सामन्यांत व्हुवुझेलावर बंदी घातली.

कानाच्या आत काय घडते

आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखा एक वाटाण्याएवढा अवयव असतो. त्याला कर्णशंकू म्हणतात. त्यात केसांसारखे सूक्ष्म तुरे असलेल्या सुमारे पंधरा हजार पेशी असतात. आवाजाच्या लाटेने हे तुरे हलतात, त्यातून विद्युत संदेश तयार होतो आणि तो मेंदूकडे जातो. भाताच्या शेतातून वारा गेला की रोपे वाकतात आणि पुन्हा उभी राहतात, तसेच हे. पण वादळ आले तर रोपे आडवी होतात. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत उठली तर ठीक. रोज वादळ आले तर ती उठत नाहीत. कोंबडीसारख्या पक्ष्यांत या पेशी पुन्हा तयार होतात. माणसात होत नाहीत. जन्माला येताना मिळालेल्या पेशी मरेपर्यंत पुरवायच्या असतात.

हलगीसारख्या वाद्याचा आणखी एक धोका आहे. मोठा आवाज आला की मधल्या कानातला एक इवलासा स्नायू आकसतो आणि आत जाणारा आवाज थोडा अडवतो. पण त्याला आकसायला सेकंदाचा काही अंश लागतो. हलगीवरची थाप किंवा ताशाची काडी त्याच्या आधीच आत पोहोचलेली असते.

नुकसानीची सुरुवात बहुधा ४,००० हर्ट्झच्या आसपास होते. कर्णनलिकेच्या आकारामुळे त्या पट्ट्यातला आवाज अधिक जोरकस होऊन आत जातो, हे त्याचे एक कारण. बोलण्यातले स, श, त, थ, फ यांसारखे वर्ण ओळखायला याच वरच्या पट्ट्याची गरज असते. म्हणून अशा माणसाला आवाज ऐकू येतो, शब्द मात्र नीट कळत नाहीत. "मोठ्याने बोल" यापेक्षा "नीट बोल" असे तो अधिक म्हणतो. चुलत्यांनी मला तेच सांगितले होते, "नातीचं बोलणं समजत नाही हो. तोंडातल्या तोंडात बोलते."

नात नीटच बोलत होती.

आणि तो रातकिडा? पेशी दुखावल्या की मेंदूकडे जाणारा संदेश क्षीण होतो. मेंदू मग आपल्याकडून आवाज वाढवायला बघतो आणि नसलेलाच आवाज ऐकू येऊ लागतो, असे आज मानले जाते. याला कर्णनाद म्हणतात. तो एका रात्रीत थांबला तरी सगळे पूर्ववत झाले, असे समजू नये. २००९ मध्ये उंदरांवरच्या एका संशोधनात दिसले की, श्रवणचाचणी पुन्हा सामान्य आल्यानंतरही पेशी आणि चेतातंतू यांच्यातले अनेक जोड कायमचे तुटलेले होते. माणसातही असे होत असावे, अशी शक्यता अभ्यासक मांडतात. शांत खोलीत चाचणी चांगली येते, पण लग्नाच्या गर्दीत शेजारच्याचे बोलणे कळत नाही, अशी तक्रार घेऊन येणारे तरुण आम्ही पाहतोच.

एक संध्याकाळ, दोन कान

७ फेब्रुवारी २०१०. अमेरिकन फुटबॉलचा सर्वांत मोठा सामना, 'सुपर बोल', मायामीत रंगला होता. मध्यंतरात 'द हू' हा प्रसिद्ध रॉक बँड वाजवायला उभा राहिला. त्याचा गिटारवादक पीट टाउनशेंड. याच बँडने १९७६ मध्ये लंडनमधल्या चार्लटन क्लबच्या फुटबॉल मैदानावर कार्यक्रम केला होता. तेव्हा स्पीकरपासून ३२ मीटरवर १२६ डेसिबल मोजले गेले आणि जगातला सर्वांत मोठ्या आवाजाचा बँड म्हणून गिनेस बुकात नोंद झाली. पुढे कानांना धोका नको म्हणून गिनेसने हा विक्रमच बंद केला. टाउनशेंडने आपल्या कमी झालेल्या श्रवणशक्तीबद्दल आणि कर्णनादाबद्दल वेळोवेळी उघडपणे सांगितले आहे.

त्याच मैदानावर सामना संपल्यावर विजयी संघाचा खेळाडू ड्रू ब्रीस याने आपल्या एक वर्षाच्या मुलाला उचलून घेतले. मुलाच्या कानांवर मोठे कानरक्षक होते. ते छायाचित्र जगभर गेले. तान्ह्या मुलांच्या कानांना असे झाकता येते, हे अनेक आईवडिलांना तेव्हा पहिल्यांदा कळले. एकाच संध्याकाळी, एकाच मैदानावर, आवाजाने दमलेला एक कान होता आणि जपलेला एक कान होता.

नेरुळच्या मैदानावर

आपल्याकडचे उदाहरण फार जुने नाही. १८, १९ आणि २१ जानेवारी २०२५ रोजी नवी मुंबईत नेरुळच्या डी. वाय. पाटील क्रिकेट मैदानावर 'कोल्डप्ले' या बँडचे कार्यक्रम झाले. पुण्याहूनही असंख्य तरुण गेले होते. त्याआधी ठाणे जिल्हा बाल संरक्षण कक्षाने नोटीस काढली. लहान मुलांना मंचावर आणू नये आणि कानरक्षकांशिवाय त्यांना कार्यक्रमात घेऊ नये, अशा त्यातल्या सूचना होत्या. समाजमाध्यमांवर काहींनी त्याची चेष्टा केली. पण ती सूचना शास्त्राला धरूनच होती.

गंमत म्हणजे, ती सर्वांत आधी पटली असती ती खुद्द गायकाला. कोल्डप्लेच्या ख्रिस मार्टिनला कर्णनादाचा त्रास आहे. किशोरवयात फार मोठ्या आवाजात संगीत ऐकल्याने तो जडला, असे त्याने २०१२ मध्ये सांगितले. तो कानात खास फिल्टर घालून गातो आणि याची काळजी आधी घ्यायला हवी होती, असे म्हणतो. म्हणजे मंचावरचा माणूस कान झाकून गात होता आणि समोरचे हजारो जण उघड्या कानांनी उभे होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १२ ते ३५ वयोगटातल्या शंभर कोटींहून अधिक लोकांना मोठ्या आवाजातल्या संगीतामुळे श्रवणदोषाचा धोका आहे. म्हणून संघटनेने मार्च २०२२ मध्ये कार्यक्रमांसाठी मानके दिली. पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलपेक्षा जास्त नसावी, आवाज सतत मोजला जावा, स्पीकरची मांडणी विचारपूर्वक व्हावी, प्रेक्षकांना कानबोळे मिळावेत, थोडा वेळ कान निवावेत म्हणून शांत जागा असावी आणि कर्मचाऱ्यांना याची माहिती असावी.

आपल्याकडे कायदाही आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. काही ठरावीक दिवशी राज्य सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकते, ते वेगळे. रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र असते. पण हे नियम मुख्यतः आजूबाजूच्या लोकांसाठी आहेत. मैदानाच्या आत स्पीकरपाशी उभ्या असलेल्या गुणलेखकाचा, समालोचकाचा, पाणी वाटणाऱ्या पोराचा आणि खुद्द वादकाचा विचार आयोजकांनीच करायला हवा.

"कापूस चालेल का?"

पुतण्याला मी काही दिवस पूर्ण शांतता पाळायला सांगितली. हेडफोन बंद, डीजे बंद. दोन आठवड्यांनी पुन्हा चाचणी केली, खळगा बराच भरून आला होता. "या वेळी निभावलं. दर वेळी निभावेलच असं नाही," एवढेच मी त्याला म्हणालो.

चुलत्यांचे तसे नव्हते. गेलेले परत येणार नव्हते. श्रवणयंत्राबद्दल बोललो. ते ऐकून घेतल्यावर त्यांनी आधी एकच सांगितले, "हलगी सोडा असं म्हणू नका, डॉक्टर."

मी तसे म्हणणारही नव्हतो. ज्याच्या हलगीवर फड उभा राहतो, त्याला घरी बसवणे हा उपाय नव्हे. उरलेले ऐकणे राखायचे, हे खरे काम.

"मग कानात कापूस घातला तर चालेल का?"

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. कापसाने फारसे काही अडत नाही. फोमचे कानबोळे औषधाच्या दुकानात थोडक्या पैशांत मिळतात. ते बोटांनी चुरगाळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, बोळा आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा. नीट बसला तर पंधरा-वीस डेसिबल सहज कमी होतात. वादकांसाठी वेगळे फिल्टरचे बोळे असतात. त्यांनी सूर-ताल बिघडत नाही, फक्त सगळे थोडे हळू ऐकू येते. शिवाय दोन-तीन हलगीवाले असतील, तर आळीपाळीने वाजवावे आणि मधल्या वेळेत कर्ण्याखाली न बसता लांब जाऊन चहा घ्यावा.

काकांनी फिल्टरचे बोळे दवाखान्यातच घालून पाहिले. टेबलावर बोटांनी ठेका धरला, दोन-तीन आवर्तने वाजवली आणि मान डोलावली. "येतंय की ऐकू," ते म्हणाले. मग पुतण्याकडे वळून म्हणाले, "तुझ्या टेबलाचं बघ आधी."

हे लक्षात ठेवा

• हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर आवाज कानांना धोकादायक आहे. फोनवरची ध्वनिमापन ॲप ढोबळ अंदाज देतात.

• स्पीकरसमोर उभे राहू नका. शक्य तेवढे लांब जा आणि दर तासाला पंधरा-वीस मिनिटे आवाजापासून बाहेर या.

• तान्ह्या आणि लहान मुलांना डीजेजवळ नेऊच नका. न्यावेच लागले तर कानांवर बसणारे कानरक्षक घाला. लहानग्यांच्या कानात फोमचे बोळे घालू नका.

• कार्यक्रमानंतर कान वाजत असतील किंवा दडे बसले असतील, तर पुढचे एक-दोन दिवस कानांना विश्रांती द्या. दिवसभरात उतार पडला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा.

• एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. अशा वेळी उपचार जितके लवकर, तितकी ऐकणे परत येण्याची शक्यता अधिक.

• कानात तेल, पाणी किंवा कुणी सांगितलेले थेंब घालू नका.

• वादक, डीजे चालवणारे, समालोचक आणि ध्वनियंत्रणेवर काम करणाऱ्यांनी वर्षातून एकदा श्रवणचाचणी करून घ्यावी.